आठपट गणपती, अदपाव दाणे

सदाशिव पेठेतल्या माणसाला फसवणं अवघड, असा पुण्यातल्या बाकीच्या पेठांचा समज आहे आणि तो टिकवण्यासाठी आम्ही फार कष्ट घेतो. वजन होताना आम्ही दुकानदाराच्या तोंडाकडे बघत नाही, काट्याकडे बघतो. दुधाच्या पिशवीला आतून चिकटलेलं दूध पाण्याने विसळून चहात जातं. रद्दीवाला आला की घरातला सगळ्यात संशयी माणूस जिन्यात उभा केला जातो. एवढा बंदोबस्त असूनही एक शब्द या पेठेत वर्षानुवर्षं राजरोस हिंडतो आहे, दारोदार जाऊन लोकांना लुबाडतो आहे, आणि त्याच्याविरुद्ध अजून कुणी साधी पाटीसुद्धा लावलेली नाही. तो शब्द म्हणजे ‘दुप्पट’. ‘अर्धा’ हा त्याचा धाकटा भाऊ. तोही त्याच धंद्यात आहे.

मला आधी धाकटा भेटला. सारसबागेच्या फाटकाशी.

नातवाला घेऊन संध्याकाळी फिरायला गेलो होतो. खाऱ्या दाण्यांची एक पुडी घेतली. एकच, कारण दोघांत एक पुरते हे आमच्याकडे मुंजीतच कानात सांगतात. पुडी म्हणजे ती नेहमीचीच, कागदाची, खाली निमुळती आणि वर पसरट. करार असा झाला की आधी नातवाने अर्धी खायची आणि उरलेली अर्धी माझी. ‘आधी तू’ असं मीच मोठेपणाने म्हणालो. नातवाने पुडीच्या बरोबर मधोमध नखाने खूण केली, दाणे खुणेला टेकेपर्यंत खाल्ले, वरचा रिकामा कागद नीट फाडून टाकला आणि अत्यंत प्रामाणिक चेहऱ्याने राहिलेली पुडी माझ्या हातात दिली. मी ती तळहातावर उपडी केली. दहा दाणे. त्यातला एक खवट.

“अरे, हे अर्धे?”

“आजोबा, खुणेपर्यंतच खाल्ले. पट्टी लावून बघा.”

शेजारच्या बाकावर आमच्या खालच्या मजल्यावरचे सर बसले होते. सरांनी उभं आयुष्य शाळेत भूमिती शिकवण्यात घालवलं. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण भूमिती काही निवृत्त होईना. लग्नाच्या पंगतीत ताटात जिलबी पडली की ती उचलण्याआधी ‘केंद्र हललंय’ असं म्हणणारा हा माणूस. ते आमचा तंटा मघापासून ऐकत असावेत.

“पोरगं खरं बोलतंय,” सर म्हणाले. “त्याने उंची अर्धी केली. तुम्हाला घनफळ अर्धं हवं होतं. करारात तुम्ही ते लिहिलं नाहीत. पुडीत दाणे किती होते?”

“ऐंशीएक असतील.”

“मग दहाच उरणार. शंकूची उंची निम्मी झाली की त्याचं तोंडही सगळीकडून निम्मं होतं. लांबीत निम्मं, रुंदीत निम्मं, खोलीत निम्मं. निम्म्याचं निम्मं आणि त्याचं पुन्हा निम्मं. आठवा हिस्सा. अदपाव!”

नातवाने ‘अदपाव’ म्हणजे काय असं विचारलं. सरांनी सांगायला सुरुवात केली, पण माझं लक्ष उडालं होतं. मला आजीचं फडताळ दिसायला लागलं होतं.

आमच्या जुन्या वाड्याच्या माजघरात आजीचा मापांचा संच असे. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. सगळी पितळेची, सगळी एकाच घाटाची, मोठ्याच्या पोटात धाकटं बसणारी. एकदा शाळेत नवी पट्टी मिळाली त्या दिवशी मी घरातली प्रत्येक वस्तू मोजून काढली, त्यात ही मापंही आली. अदपावाचं माप शेराच्या बरोबर निम्म्या उंचीचं भरलं. तोंडही निम्मं. मी धावत आजीकडे गेलो आणि वाण्याने तिला फसवल्याची बातमी दिली: “हे शेराच्या अर्धं आहे आजी, म्हणजे अच्छेर झालं, आणि तू याला अदपाव म्हणतेस!” आजी काही बोलली नाही. तिने डब्यातले तांदूळ अदपावाने शेरात ओतायला सुरुवात केली. तीन, चार, पाच. मी चौथ्या खेपेपासून गप्प झालो होतो. आठव्या खेपेला शेर काठोकाठ भरला. मग तिने ते शेरभर तांदूळ सुपात ओतले, सूप माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, “आता बसलाच आहेस तर निवडून दे.”

पुढे कधीतरी मी गणित करून बघितलं. शेराचं माप दहा अंगुळं उंच धरलं, तर त्याच घाटाचं अच्छेर पाच अंगुळांचं नसतं, ते आठ अंगुळांना जेमतेम कमी असतं. पावशेर सहा अंगुळांहून थोडं वर. पाच अंगुळांना आपण पोचतो ते थेट अदपावाशी. ज्याने ही मापं घडवली त्याला कुणी घनमूळ शिकवलं नसणार. पण त्याच्या हातोडीला ते येत होतं, आणि मला मात्र परीक्षेत येऊनसुद्धा कळलं नव्हतं.

परीक्षेत येतं म्हणजे येतंच. दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या धड्यात ते प्रमेय आहे. दोन समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर त्यांच्या संगत भुजांच्या वर्गांच्या गुणोत्तराइतकं असतं, अशा अर्थाचं. आम्ही ते पाठ केलं, पक्ष आणि साध्य लिहिलं, आकृती काढली, गुण घेतले आणि बाहेर पडताना ते परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून आलो, छत्रीसारखं. ‘संगत भुजा’ हा शब्दच असा आहे की तो ऐकून पोळी, लाडू किंवा खोली कुणाच्या डोळ्यापुढे येत नाही. कुठल्याशा भजनी मंडळाचं नाव वाटतं.

पूर्वी असं नव्हतं. भास्कराचार्यांनी ११५० साली ‘लीलावती’ लिहिली, तिच्यात एक प्रकरणच धान्याच्या ढिगाचं आहे, राशिव्यवहार. जमिनीवर धान्य ओतलं की त्याचा शंकूसारखा ढीग होतो आणि धान्य जाड असेल तर त्याची उंची घेराच्या दहाव्या हिश्शाइतकी धरायची. मग घेराचा सहावा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि उंचीने गुणायचं, की किती घनहस्त धान्य आहे ते आलं. साठ हात घेराचा ढीग घ्या. उंची सहा हात, साठाचा सहावा भाग दहा, त्याचा वर्ग शंभर, म्हणजे सहाशे घनहस्त. आता निम्मा घेर घ्या, तीस हात. उंची तीन, सहावा भाग पाच, वर्ग पंचवीस, म्हणजे पंच्याहत्तर. निम्म्या घेराच्या ढिगात निम्मं धान्य असेल असं समजून जो सौदा करील त्याला तीनशेऐवजी पंच्याहत्तर घेऊन घरी जावं लागेल. या हिशेबात परीघ व्यासाच्या तिप्पटच धरलेला आहे. भास्कराचार्यांना त्याहून पुष्कळ सूक्ष्म किंमत ठाऊक होती आणि ती त्याच ग्रंथात दिलेलीही आहे. पण हरभऱ्याच्या ढिगाला तेवढी सूक्ष्मता कशाला, असा त्यांनी विचार केला असावा. हा व्यवहारीपणा बघून सर त्यांना मनोमन आमच्या पेठेचेच रहिवासी समजतात. प्रत्यक्षात त्यांच्या घराण्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. सरांच्या मते तो पत्ता फक्त पत्रव्यवहारापुरता.

आता पोळीकडे येतो, कारण पेठेतला सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच झाला.

हल्ली सदाशिव पेठेत मूळ रहिवाशांपेक्षा स्पर्धा परीक्षेची मुलं जास्त दिसतात. लातूर, परभणी, बुलढाणा, कुठून कुठून आलेली. कॉट बेसिसवर राहतात, अभ्यासिकेत दिवस काढतात आणि दोन वेळा मेसच्या दारात रांग लावतात. आमच्या गल्लीतल्या एका मेसमध्ये ताटाला चार पोळ्यांचा नियम होता. पिठाचे भाव वाढले तेव्हा मावशींनी दर वाढवला नाही, पोळ्या कमी केल्या नाहीत, पोळीचा पातळपणाही तोच ठेवला. फक्त आठ इंची पोळी सात इंची केली. एक इंच! ताटात तो जाणवतसुद्धा नाही, भाजीची वाटी जरा मोकळी बसते इतकंच. मुलं महिनाभर जेवली आणि महिनाभर रात्री अकराला त्यांना भूक लागायची. त्यांना वाटलं, अभ्यास वाढला.

शेवटी एकाने बुद्धिमत्ता चाचणीची गणितं सोडवता सोडवता ताटातली पोळी मोजली. आठाचा वर्ग चौसष्ट, साताचा वर्ग एकोणपन्नास. म्हणजे नवी पोळी ही जुन्या पोळीची पाऊण पोळी, वर चिमूटभर. चार पाऊण म्हणजे तीन. ताटात चार पोळ्या दिसत होत्या आणि पोटात तीन जात होत्या. मुलांनी ही आकडेमोड वहीच्या पानावर लिहून मावशींना दाखवली. मावशींनी ती शांतपणे वाचली आणि म्हणाल्या, “एवढं येतंय तर पास का होत नाही रे?” पोळी सात इंचीच राहिली.

नळाचंही हेच. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणलं ते पेशव्यांनी, आणि ते पाणी जिथे पोचलं तिथले हौद आणि पाण्यावरची भांडणं पेठांना वारशात मिळाली. त्यात अर्धा इंची नळ आणि पाऊण इंची नळ हे भांडण सनातन आहे. पाऊण इंचीवाला नेहमी म्हणतो, पाव इंचाने काय होतंय? होतं असं की नळाचं तोंड सव्वादोन पट होतं. बाकी काय होतं ते अर्धा इंचीवाल्याच्या बादलीला विचारावं.

पाट्यांविषयी मी लिहिणार नाही, त्यांच्यावर पुरेसं लिहून झालं आहे. एवढंच नोंदवतो की अक्षराची उंची दुप्पट करायची तर पाटी चौपट लागते आणि रंगही चौपट. आमच्याकडचे अपमान बारीक अक्षरांत का असतात, हे त्यावरून समजावं.

क्षेत्रफळाने आमच्या घरातला बळी घेतला तो थोरल्या काकांचा. वाडा पाडून इमारत करायचं ठरलं तेव्हा काकांची खोली होती दहा बाय दहा. बिल्डर चहा प्यायला आला आणि म्हणाला, “काका, तुम्हाला दीडपट जागा देतो.” काकांनी आयुष्यभर मुनिमाचं काम केलेलं. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला, दीडपट हा शब्द अंकी आणि अक्षरी लिहून घेतला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. मग दोन वर्षं ते भाड्याच्या घरात पंधरा बाय पंधराच्या खोलीची स्वप्नं बघत राहिले. दहाचे दीडपट पंधरा. यात कुठे चूक आहे? त्यांनी नव्या खोलीसाठी खास मागणी देऊन पंधरा फुटांची चौरस सतरंजीसुद्धा विणून घेतली.

ताबा मिळाला त्या दिवशी सतरंजी अंथरली. दोन बाजूंना पावणेतीन पावणेतीन फूट भिंतीवर चढली.

काकांनी बिल्डरला फोन लावला. पेठेत वापरता येतील ते सगळे शब्द वापरले, त्यातले काही मोडीतले असावेत. बिल्डर म्हणाला, “काका, दहा दाहे शंभर. शंभराचे दीडपट दीडशे. खोली सव्वाबारा बाय सव्वाबारा आहे, मोजा.” काकांनी मोजली. सव्वाबाराचा वर्ग दीडशेला किंचित वरच येतो. म्हणजे बिल्डरने सांगितल्यापेक्षा बोटभर जास्तच दिलं होतं, आणि काकांना सगळ्यात जास्त राग त्याचा आला. फसवणूक झाली असती तर कोर्टात जाता आलं असतं. इथे फसवणारा वर्गमूळ होता. त्याच्यावर दावा कोण लावणार?

“याला चटई क्षेत्र म्हणतात काका,” मी आपलं वातावरण हलकं करायला म्हणालो. “तुम्ही सतरंजी आणलीत.” त्यानंतर काका माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत.

मला वाटतं, यात दोष काकांचा नाही, डोळ्यांचा आहे. माणसाचा डोळा एका वेळी एकाच दिशेने मोजतो. उंची बघतो, लांबी बघतो, फार तर व्यास बघतो, आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळा होतो. पैसे मात्र क्षेत्रफळाचे मोजावे लागतात आणि पोटात जातं ते घनफळ. ही तीन खाती वेगळी आहेत आणि माणसाने तिन्हींची वही एकच ठेवली आहे. देवांचंसुद्धा माणसांशी यावरून वाजलेलं आहे. ग्रीक लोकांत एक जुनी कथा सांगतात. डेलॉस बेटावर रोगाची साथ आली, तेव्हा लोकांनी अपोलो देवाला कौल लावला. देव म्हणाला, माझी घनाकृती वेदी दुप्पट करा. लोकांनी भक्तिभावाने तिच्या सगळ्या बाजू दुप्पट केल्या. वेदी आठपट झाली आणि साथ काही हटेना, कारण देवाला दुप्पट म्हणजे दुप्पटच हवी होती. आठपट मिळाल्यावर एखादा देव भोळेपणाने खूश झाला असता. हा मात्र हिशेबाला चोख. अपोलोचं मूळ घराणं आमच्याच पेठेतल्या पेरुगेटाच्या आसपासचं असावं, अशी मला दाट शंका आहे.

वेदी खरोखर दुप्पट करायची तर बाजू वाढवावी लागते सुमारे एक पूर्णांक सव्वीस शतांश पट. ही लांबी नुसती पट्टी आणि कंपास घेऊन काढता येत नाही, हे सिद्ध व्हायला १८३७ साल उजाडावं लागलं. पण आमच्या घरात ती डिंकाच्या लाडवावर रोज काढली जात होती, आणि काढणारा मी होतो.

झालं असं की डॉक्टरांनी मला थंडीत दिवसाला एक लाडू खायची परवानगी दिली. एक म्हणजे एक. लाडवाचं माप त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. असले प्रश्न विचारून डॉक्टरांचा वेळ घेऊ नये. घरचा लाडू पाच सेंटीमीटरचा असतो. मी आमच्या हिला सुचवलं, “यंदा जरासे मोठे वळ ना, वळायचे कष्ट वाचतील तुझे.” तिने जरासे मोठे वळले, सहा सेंटीमीटर आणि वर थोडे. बशीत ठेवले तर कुणाला वाटावं, त्याच घाणातला आहे, लाडवाची तब्येत जरा सुधारली आहे इतकंच. पण सहा पूर्णांक तीनचा लाडू म्हणजे पाचाच्या लाडवाची बरोबर जोडी. मी पंधरा दिवस नियम पाळून, एकावरच थांबून, रोज दोन लाडू खात होतो. पकडला गेलो तो डबा लवकर संपला म्हणून. डिंकाचा खर्च तिच्या वहीत वजनाने लिहिलेला असतो आणि वजन उंचीचं ऐकत नाही.

त्याची शिक्षा म्हणून मला मंडईत पाठवलं. तिथे बारीक बटाटे स्वस्त मिळाले, म्हणून मी शहाणपणाने तेच आणले. मोठ्याच्या निम्म्या आकाराचे. एका मोठ्याच्या वजनाला असले आठ लागतात आणि आठांची मिळून साल भरते मोठ्याच्या दुप्पट. तो हिशेब ऐकवायची संधी मला मिळाली नाही. सोलाणं माझ्याच हातात होतं.

सरांना ही सगळी उदाहरणं किरकोळ वाटतात. त्यांचं म्हणणं, ज्याला हा विषय समजून घ्यायचा आहे त्याने चिमण्या गणपतीपासून हत्ती गणपतीपर्यंत चालत यावं. ही दोन्ही ठिकाणं आमच्याच भागात आहेत, गल्लीबोळांतून काही मिनिटांची वाट. नावं कशी का पडली असेनात, सरांच्या मते सबंध जीवशास्त्र त्या दोन चौकांच्या मधे पसरलेलं आहे.

“चिमणी घ्या,” सर चालता चालता सांगतात. “अंग एवढंसं, पण अंगाच्या मानाने कातडी केवढी! उष्णता सगळी त्या कातडीतून निसटते. म्हणून ती बिचारी दिवसभर खातच असते. आता हत्ती घ्या. लांबी वाढली तशी कातडी वाढली वर्गाने आणि आतला ऐवज वाढला घनाने. आत एवढा मोठा भट्टीखाना आणि बाहेर खिडक्या कमी. मग उष्णता घालवायची कुठून? कानांतून! हत्तीचे कान म्हणजे पातळ कातडीचे, रक्तवाहिन्यांनी भरलेले पंखे आहेत. आपण गणपतीला शूर्पकर्ण म्हणतो, सुपासारख्या कानांचा. ते सूप नुसतं वर्णन नाही महाराज, तो घनफळाचा परिणाम आहे!”

एवढं म्हणून ते रस्त्याच्या मधोमध थांबतात. मागून दुचाकीवाले त्यांना वर्ग आणि घन दोन्ही ऐकवतात.

उंदराचा मुद्दा मी काढला. गणपतीचं वाहन उंदीर, हे या हिशेबात कसं बसतं? सर खुलले. गॅलिलिओने १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात दोन हाडांचं चित्र काढून ठेवलं आहे. एक साध्या प्राण्याचं आणि एक तिप्पट लांब, पण ते इतकं जाड की हाड वाटू नये, लाटण्याऐवजी कुणी पाटा उभा केला आहे असं वाटावं. कारण वजन वाढतं घनाने आणि हाडाची ताकद वाढते त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे वर्गाने. गणपतीला पेलण्याइतका उंदीर मोठा केला तर त्याचे पाय हत्तीसारखेच करावे लागतील, मग तो उंदीर राहणार नाही, देवाला हत्तीवर बसलेला हत्ती म्हणावं लागेल. मात्र लहान राहण्याचे फायदेही असतात. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने १९२६ साली प्राण्यांच्या आकारावर एक छोटा निबंध लिहिला, आणि हा गृहस्थ पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला आणि भारताचा नागरिक झाला. त्याने दाखवून दिलं की उंदीर हजार यार्ड खोल खाणीत पडला तरी तळाशी जरा हादरतो आणि चालू लागतो. अंगाच्या मानाने त्याला हवा फार अडवते. आमच्या वाड्यात याचे प्रयोग रोज होत. माळ्यावरून उंदीर थेट चौकातल्या फरशीवर पडे आणि मागे न बघता न्हाणीघराकडे पळे. त्याच न्हाणीघरात आजोबा उभ्या उभ्या नुसते घसरले आणि दोन महिने अंथरुणावर होते.

परवा मात्र सरांची विद्या सरांवरच उलटली. मी साक्षीला होतो म्हणून सांगतो.

मंडळाची चार मुलं पावतीपुस्तक घेऊन आली. पुढे होता तो सरांच्या हाताखालून दहावी झालेला. “सर, यंदा मूर्ती दुप्पट. चार फुटांची आठ फुटी. म्हणून वर्गणीही दुप्पट घेतोय सगळ्यांकडून. गेल्या वर्षी तुमचे एकावन्न होते, यंदा एकशे दोन.”

कुणी म्हणेल, सर एकशे दोन ऐकून उखडले असतील. नाही. ते ‘दुप्पट’ ऐकून उखडले.

“दुप्पट? काय दुप्पट? उंची दुप्पट! अरे गाढवांनो, वजन किती होणार? आठपट! २०२० साली साथीत सरकारने नियम काढला होता, मंडळाची मूर्ती चार फूट आणि घरची दोन फूट. लोक म्हणत होते, मंडळांना घरच्यापेक्षा दुप्पटच परवानगी दिली. दुप्पट नव्हे रे, आठपट दिली होती! चार फुटी मूर्ती तुम्ही खांद्यावर आणत होतात, ही आणायला ट्रॉली लागेल. घोट्यांचा छेद चौपट आणि वर भार आठपट, म्हणजे घोट्यावर ताण दुप्पट. आतून सांगाडा घालायला सांगितलात का मूर्तिकाराला? रंग चौपट. पितांबर चौपट. तुमचा अंदाजपत्रक करणारा कोण आहे? त्याला माझ्याकडे पाठवा. दुप्पट पैशांत आठपट गणपती आणायला निघालेत!”

मुलं अवाक होऊन ऐकत होती. त्यांच्यातल्या एकाने मोबाइलवर हिशेब चालवलाच होता.

“म्हणजे सर,” तो पुढचा मुलगा हळूच म्हणाला, “वर्गणी आठपट घ्यायला हवी. एकावन्न गुणिले आठ. चारशे आठ.”

जिन्यात शांतता पसरली. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून ऐकत होतं, तेही लागल्याचा आवाज आला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पन्नास वर्षांच्या अनुभवाने ते वाट शोधत होते आणि ती त्यांना सापडली.

“मूर्ती भरीव की पोकळ?”

“पोकळ सर. प्लास्टरचा थर जेवढा असतो तेवढाच ठेवणार आहेत.”

“हां! थराची जाडी तीच. मग माल पृष्ठफळाने वाढणार. चौपट. दोनशे चार.” आणि जरा थांबून, आवाज मऊ करून ते पुढे म्हणाले, “शिवाय आपण दर्शन घेतो ते पुढूनच. मागचं पृष्ठफळ काही भक्ताच्या वाट्याला येत नाही. त्याचे निम्मे. म्हणजे एकशे दोन. तुम्ही आधी म्हणालात तेच बरोबर होतं, चला, फाडा पावती.”

“सर,” मुलगा म्हणाला, “गेल्या वर्षीही दर्शन पुढूनच घेतलं होतंत. निम्मं दोन्हीकडे येतं. गुणोत्तर बदलत नाही.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला दोन भाव एकाच वेळी दिसले: चाळीस वर्षं शिकवलेलं कुणालातरी समजल्याचा आनंद, आणि नेमकं यालाच समजल्याचं दुःख. ते आत गेले, कपाटाच्या कुलपाचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी दोनशे चार रुपये सुट्ट्यासकट मोजून दिले. मुलाने पावती फाडली. सरांनी ती वाचली, परत त्याच्या हातात दिली आणि रकमेच्या पुढे कंसात ‘पृष्ठफळाप्रमाणे’ असं लिहून घेतलं.